कन्सोल एकाचा, भवितव्य दुसऱ्याच्या हाती

अमेरिकेतील सिएटल शहरात २४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'हेलो' या गेमच्या जागतिक स्पर्धेच्या व्यासपीठावरून मायक्रोसॉफ्टने एक घोषणा केली आणि व्हिडिओ गेमच्या जगात खळबळ उडाली. १५ नोव्हेंबर २००१ रोजी एक्सबॉक्स हा कन्सोल बाजारात आला तो मुख्यत्वे याच गेमच्या बळावर. त्या पहिल्या 'हेलो'ची नव्याने घडविलेली आवृत्ती २०२६ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ५ वरही येईल, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. दिवाणखान्यातील टीव्हीला कन्सोल जोडून 'हेलो' खेळायचा तर तो कन्सोल एक्सबॉक्सच असायला हवा, हा चोवीस वर्षांचा दंडक त्या दिवशी मोडला.

त्याच महिनाअखेरीस मायक्रोसॉफ्टचे तिमाही निकाल जाहीर झाले. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तीन महिन्यांत एक्सबॉक्स यंत्रांच्या विक्रीतून मिळणारे उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत २९ टक्क्यांनी घटले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरला मिळणाऱ्या एक्सबॉक्स सिरीज एक्सची अमेरिकेतील किंमत २०२५ मध्ये दोनदा वाढवून ६४९ डॉलरवर नेण्यात आली. कन्सोल जसजसा जुना होतो तसतशी त्याची किंमत उतरते, असा या धंद्याचा आजवरचा रिवाज. २०२५ मध्ये सोनीनेही अमेरिकेत किमती वाढविल्या. तथापि वाढत्या किमती आणि घटती विक्री यांचा एकत्र फटका एक्सबॉक्सला अधिक बसला.

एक्सबॉक्सचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. त्यावरील चर्चा प्रामुख्याने मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या गेमभोवती फिरते. परंतु कोणत्याही कन्सोलचे आयुष्य किती, हे ठरविणारा घटक बहुतेक वेळा त्या कंपनीच्या आवाराबाहेर असतो. दुसऱ्याच्या यंत्रासाठी गेम तयार करणाऱ्या, उद्योगाच्या परिभाषेत 'थर्ड पार्टी' म्हणविल्या जाणाऱ्या बाहेरच्या कंपन्या त्या यंत्राकडे कोणत्या नजरेने पाहतात, यावर बरेच काही अवलंबून असते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास हेच सांगतो आणि त्यातील सर्वांत बोलका अध्याय एक्सबॉक्सचा नसून निन्टेन्डोच्या 'वी यू' या अयशस्वी कन्सोलचा आहे.

धंद्याचे गणित

कन्सोलचा धंदा वरवर यंत्रविक्रीचा दिसत असला, तरी यंत्रावर फारसा नफा नसतो. अनेकदा ते तोट्यातच विकले जाते. खरी कमाई होते ती गेमच्या विक्रीतून. कन्सोल बनविणारी कंपनी स्वतःचे काही गेम विकते आणि बाहेरच्या कंपन्यांनी विकलेल्या प्रत्येक गेममागे आपला हिस्सा घेते. बाहेरचा निर्माता अशा रीतीने कन्सोलवाल्या कंपनीला दुहेरी उपयोगी पडतो. तो यंत्र विकत घेण्याचे कारण पुरवितो आणि विकल्या गेलेल्या यंत्रावर उत्पन्नही मिळवून देतो.

या निर्मात्याच्या बाजूने पाहिले तर हिशेब निराळा आहे. मोठ्या गेमच्या निर्मितीला आता कित्येक वर्षे आणि कोट्यवधी डॉलर लागतात. हा पैसा परत मिळवायचा तर गेम जास्तीत जास्त घरांत पोहोचायला हवा. त्यामुळे एखाद्या कन्सोलसाठी गेम काढायचा की नाही, हे ठरविताना तो दोनच प्रश्न विचारतो. हे यंत्र किती घरांत आहे? आणि त्या यंत्रावर आपला गेम बसविण्यास खर्च किती येईल? पहिल्याचे उत्तर मोठे आणि दुसऱ्याचे लहान असेल तर तो येतो, नाही तर येत नाही. यात मैत्री, शत्रुत्व वा निष्ठा यांना फारशी जागा नाही.

अडचण अशी की, ग्राहकही त्याच वेळी हिशेब करीत असतो. ज्या यंत्रावर गेम येणार नाहीत ते तो विकत घेत नाही. आणि जे यंत्र विकले जात नाही त्यावर गेम येत नाहीत. हे चक्र एकदा उलटे फिरू लागले की थोपविणे अतिशय कठीण होऊन बसते.

जुने हिशेब

बाहेरच्या निर्मात्यांची ही जमात जन्मली तीच भांडणातून. १९७९ मध्ये अटारी या कंपनीतील काही प्रोग्रॅमर श्रेय आणि मोबदला मिळत नाही म्हणून बाहेर पडले आणि अटारीच्याच कन्सोलसाठी गेम काढू लागले. त्यांच्या कंपनीचे नाव ॲक्टिव्हिजन. पुढे कोणीही उठावे आणि गेम काढावा अशी स्थिती झाली. सुमार मालाचा महापूर आला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील बाजार कोसळला.

त्या पडझडीनंतर अमेरिकेत उतरलेल्या निन्टेन्डोने बाहेरच्या निर्मात्यांना कडक शिस्त लावली. परवान्याशिवाय गेम चालणार नाही अशी चिप यंत्रात बसविली. वर्षाला पाचच गेम काढण्याची मर्यादा घातली. एका गेमवर दोन वर्षे अन्य यंत्रांना हक्क नाही, अशी अट टाकली. कार्ट्रिजही निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यावी लागत. बाजारात दुसरा समर्थ पर्याय नव्हता तोवर हे सारे निमूटपणे सहन केले गेले.

पर्याय १९९४ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनच्या रूपाने आला. निन्टेन्डोने आपल्या 'निन्टेन्डो ६४' या यंत्रासाठी महाग आणि कमी क्षमतेच्या कार्ट्रिजचाच आग्रह धरला, तर सोनीने स्वस्त सीडी स्वीकारली. जपानची स्क्वेअर ही कंपनी निन्टेन्डोची वर्षानुवर्षांची साथीदार. तिने आपला 'फायनल फॅन्टसी ७' हा गेम १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर, तीन सीडींवर आणला. अखेरीस प्लेस्टेशनची विक्री १० कोटींवर गेली आणि निन्टेन्डो ६४ ची ३ कोटी २९ लाखांवर थांबली. त्यानंतरच्या निन्टेन्डोच्या 'गेमक्यूब'ला २ कोटी १७ लाखांपलीकडे जाता आले नाही.

२००६ मध्ये आलेल्या 'वी'ने हे चित्र बदलले. हातातला रिमोट हलवून टेनिस खेळता येणाऱ्या या यंत्राने आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना खेळायला लावले आणि १० कोटी १६ लाखांची विक्री नोंदविली. बाहेरच्या निर्मात्यांचे समाधान मात्र झाले नाही. 'वी'चे ग्राहक प्रामुख्याने निन्टेन्डोचेच गेम घेतात, अशी त्यांची तक्रार होती. शिवाय 'वी'ची क्षमता प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० यांच्यापेक्षा बरीच कमी असल्याने मोठे गेम त्यावर आणणे म्हणजे ते जवळजवळ नव्याने लिहिणेच होते.

वी यूची शोकांतिका

ही तक्रार दूर करण्याच्या उद्देशाने निन्टेन्डोने 'वी यू' आखला. जून २०११ मध्ये त्याची घोषणा झाली, तेव्हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्स अर्थात 'ईए' या बड्या कंपनीचे तत्कालीन प्रमुख जॉन रिकिटिएलो स्वतः व्यासपीठावर आले आणि निन्टेन्डोशी अभूतपूर्व भागीदारी होत असल्याची ग्वाही त्यांनी दिली. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेत विक्री सुरू झाली, तेव्हा दुकानांत 'फिफा', 'मास इफेक्ट', 'असॅसिन्स क्रीड', 'कॉल ऑफ ड्यूटी' अशी बाहेरच्या कंपन्यांची नामांकित नावे हजर होती. बाहेरच्यांची साथ मिळाली, असेच कोणीही म्हटले असते.

प्रत्यक्षात ही साथ कशी होती, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ईएने वी यूसाठी 'मास इफेक्ट ३' हा मालिकेतील तिसरा भाग आणला. किंमत ६० डॉलर. त्याच महिन्यात एक्सबॉक्स ३६० साठी तिन्ही भागांचा एकत्र संच तितक्याच किमतीला बाजारात आला. वी यूवरील 'फिफा १३' मध्ये इतर यंत्रांवरील आवृत्तीतील काही प्रमुख सोयी नव्हत्या. हातचे राखून केलेली ही पेरणी होती आणि पीक आले नाही म्हणून दोष जमिनीला देण्यात आला. मे २०१३ मध्ये, म्हणजे यंत्र बाजारात येऊन सहा महिने होतात न होतात तोच, वी यूसाठी आपल्याकडे कोणताही गेम तयार होत नसल्याचे ईएने स्पष्ट केले.

दुसरा धक्का युबिसॉफ्टचा. या फ्रेंच कंपनीने 'रेमन लेजेंड्स' हा गेम केवळ वी यूसाठी म्हणून जाहीर केला होता. फेब्रुवारी २०१३ अखेरीस तो येणार होता. तयारी पूर्णत्वास आलेली असताना, अवघे काही आठवडे आधी कंपनीने तो सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलला आणि इतर कन्सोलवरही आणण्याचे ठरविले. एकट्या वी यूवर खर्च निघणार नाही, असाच याचा अर्थ होता. वी यूसाठीच बनविलेला आपला 'झॉम्बीयू' नफ्यात गेला नाही, असे युबिसॉफ्टचे प्रमुख यीव गिलेमो यांनीही त्या वर्षी सांगितले. सप्टेंबर २०१३ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' आला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याने १ अब्ज डॉलरची विक्री केली. तो वी यूवर कधीच आला नाही.

बाहेरचे असे एकेक करून निघून जात असताना निन्टेन्डोचे आकडे काय सांगत होते? मार्च २०१३ अखेरपर्यंत ५५ लाख यंत्रे विकण्याचे उद्दिष्ट होते. ते जानेवारीत ४० लाखांवर आणले गेले आणि प्रत्यक्षात ३४ लाख ५० हजार विकली गेली. एप्रिल ते जून २०१३ या तिमाहीत तर साऱ्या जगात मिळून केवळ १ लाख ६० हजार वी यू खपले. पुढील आर्थिक वर्षासाठी ठेवलेले ९० लाखांचे उद्दिष्ट जानेवारी २०१४ मध्ये एकदम २८ लाखांवर उतरवावे लागले.

दरम्यान, नोव्हेंबर २०१३ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ४ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन बाजारात आले. प्लेस्टेशन ४ ने दीड महिन्यात ४२ लाखांचा पल्ला गाठला. त्या वेळी तेरा महिन्यांच्या वी यूची एकूण विक्री ५८ लाख ६० हजार होती. मात्र त्याहून महत्त्वाची घटना यंत्रांच्या आत घडली होती. नव्या दोन्ही कन्सोलमध्ये एएमडी कंपनीचे, साध्या पीसीच्या धाटणीचे प्रोसेसर होते आणि आठ गिगाबाइट मेमरी. वी यूमध्ये आयबीएमचा जुन्या पठडीतील प्रोसेसर आणि दोनच गिगाबाइट मेमरी. तीतीलही अर्धीच गेमच्या वाट्याला. पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या तिन्हींसाठी एकच गेम थोड्या फेरफाराने चालू लागला. वी यूसाठी मात्र वेगळी चूल मांडावी लागे. घरांची संख्या कमी आणि खर्च अधिक, असे दोन्ही प्रश्नांचे उत्तर प्रतिकूल आले.

घरच्यांच्या बळावर किती दिवस?

निन्टेन्डोपाशी स्वतःच्या उत्तम गेमचा तुटवडा नव्हता. मे २०१४ मध्ये आलेल्या 'मारिओ कार्ट ८' च्या वी यूवर ८४ लाख ६० हजार प्रती खपल्या. एकूण वी यूधारकांच्या मानाने हे प्रमाण थक्क करणारे आहे. पण एक कंपनी वर्षभर पुरतील इतके गेम एकटी काढू शकत नाही. पहिल्याच वर्षी 'पिक्मिन ३' लांबणीवर पडला आणि दुकानातील वी यूचे फळे महिनोन्महिने नव्या मालाविना राहिले. एरवी ही पोकळी बाहेरचे निर्माते भरून काढतात. इथे भरणारे कोणी उरले नव्हते.

मार्च २०१४ ला संपलेल्या वर्षात निन्टेन्डोला २,३२० कोटी येनचा निव्वळ तोटा झाला. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन काही महिन्यांसाठी निम्म्यावर आणले. कर्मचारी कपात करून ताळेबंद सुधारण्याचा मार्ग त्यांनी आदल्याच वर्षी भागधारकांसमोर नाकारला होता. नोकरी जाईल या भीतीखाली काम करणारी माणसे लोकांना भावणारे गेम बनवू शकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. जुलै २०१५ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, इवाता यांचे निधन झाले. जानेवारी २०१७ मध्ये वी यूचे उत्पादन थांबले. एकूण विक्री होती १ कोटी ३५ लाख ६० हजार.

घरांची संख्या निर्मात्याला कशी खेचते, याचे एक उदाहरण उद्बोधक आहे. युबिसॉफ्टच्या 'जस्ट डान्स' या नृत्याच्या गेममालिकेच्या निर्मितीत त्या कंपनीच्या पुण्यातील स्टुडिओचाही वाटा राहिला आहे. २०१८ मध्ये या मालिकेचा त्या वर्षीचा भाग वी यूवर आला. २०१९ च्या भागातून वी यू वगळला गेला. मात्र त्याच २०१९ च्या भागाची आवृत्ती १३ वर्षे जुन्या, मूळ 'वी'साठी निघाली. नवे यंत्र सोडून जुन्याची कास धरण्याचे कारण इतकेच की, ते जुने यंत्र १० कोटी घरांत जाऊन बसले होते.

सेगाने हात टेकले, सोनीने दुरुस्ती केली

वी यूच्या आधी हीच गत सेगाची झाली होती. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'ड्रीमकास्ट'चे स्वागत जोरदार झाले. परंतु खेळांच्या गेममध्ये ज्या ईएचा दबदबा, तिने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही. प्लेस्टेशन २ येऊ घातला होता आणि निर्मात्यांसह ग्राहकांनीही वाट पाहणे पसंत केले. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने ड्रीमकास्ट बंद करण्याची घोषणा केली. विक्री ९१ लाख ३० हजार. कन्सोलच्या स्पर्धेतून बाहेर पडलेली सेगा त्यानंतर इतरांच्या यंत्रांसाठी गेम काढणारी, म्हणजे स्वतःच एक 'थर्ड पार्टी' झाली.

उतरंडीला लागलेले प्रत्येक यंत्र तळाशीच जाते, असे मात्र नाही. सोनीचा प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये आला तेव्हा त्याच्या महागड्या आवृत्तीची किंमत ५९९ डॉलर होती आणि त्यातील 'सेल' प्रोसेसर प्रोग्रॅमरांची परीक्षा पाहणारा होता. जून २००९ मध्ये ॲक्टिव्हिजनचे प्रमुख बॉबी कोटिक यांनी एका ब्रिटिश दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत किंमत कमी झाली नाही तर प्लेस्टेशनचा पाठिंबा काढून घेण्याचा विचार करावा लागेल, असा जाहीर इशारा दिला. त्याच वर्षी सोनीने २९९ डॉलरची सडपातळ आवृत्ती आणली. पुढे प्लेस्टेशन ३ ची विक्री ८ कोटी ७४ लाखांवर पोहोचली.

वी यू आणि प्लेस्टेशन ३ यांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. सोनीशी बाहेरचे निर्माते भांडत होते. याचा अर्थ त्यांना त्या यंत्रावर राहायचे होते. निन्टेन्डोशी कोणी भांडले नाही; मंडळी फक्त उठून गेली. कन्सोलवाल्या कंपनीने निर्मात्यांच्या कुरबुरीपेक्षा त्यांच्या मौनाची धास्ती घ्यावी, असा हा अनुभव आहे.

चक्र सुलटे कसे फिरले?

निन्टेन्डोने वी यूपासून धडा घेतला. ३ मार्च २०१७ रोजी आलेल्या 'स्विच'मध्ये एनव्हिडियाचा, मोबाइल फोनमध्ये रुळलेल्या तंत्राचा प्रोसेसर होता. अनेक निर्माते वापरतात ती 'युनिटी' आणि 'अनरिअल' ही साधने त्यावर चालत होती. घरातला कन्सोल आणि हातातला कन्सोल अशी दोन यंत्रे सांभाळण्याऐवजी निन्टेन्डोचे सारे गेम एकाच यंत्रावर येऊ लागले आणि नव्या मालाचा दुष्काळ संपला. प्रारंभी बाहेरचे बडे निर्माते सावधच होते. पण घरांची संख्या वाढू लागताच पहिल्याच वर्षी 'स्कायरिम' आणि 'डूम' आले, २०१९ मध्ये 'विचर ३' आला. छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांना तर स्विच ही हक्काची बाजारपेठच मिळाली.

जो 'मारिओ कार्ट ८' वी यूवर ८४ लाखांवर थांबला, त्याचीच किंचित सुधारित आवृत्ती स्विचवर ६ कोटींहून अधिक खपली. गेम जवळजवळ तोच, निर्माताही तोच. बदलले होते ते यंत्र आणि त्याभोवती जमलेली माणसे. स्विचची विक्री पुढे १५ कोटींच्या पार गेली.

५ जून २०२५ रोजी 'स्विच २' आला, तेव्हा पहिल्याच दिवशी 'सायबरपंक २०७७', 'स्ट्रीट फायटर ६', 'हॉगवर्ट्स लेगसी' असे बाहेरचे मोठे गेम त्याच्यासोबत होते. ईएचा 'स्प्लिट फिक्शन'ही होता. चार दिवसांत ३५ लाख आणि सप्टेंबर २०२५ अखेरपर्यंत १ कोटी ३ लाख ६० हजार यंत्रे विकली गेली. कार्ट्रिजच्या खर्चाची जुनी कटकट मात्र संपलेली नाही. खर्च वाचविण्यासाठी काही निर्माते आत गेमच नसलेले, केवळ डाउनलोडचा परवाना देणारे कार्ड विकतात आणि त्यावर ग्राहकांची नाराजी आहे. खर्च कोणी सोसायचा, हा १९९७ चा वाद नव्या रूपात तिथेच आहे.

एक्सबॉक्सपुढील वाट

या पार्श्वभूमीवर एक्सबॉक्सकडे पाहिले तर काय दिसते? वी यूसारखी अवस्था एक्सबॉक्सची नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. त्याची अंतर्गत रचना पीसी आणि प्लेस्टेशनच्या जवळची असल्याने त्यावर गेम बसविण्याचा खर्च तुलनेने कमी आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' प्लेस्टेशन ५ सोबत एक्सबॉक्ससाठीही जाहीर झाला आहे. बाहेरच्यांनी पाठ फिरविलेली नाही.

त्यांचे येणे मात्र लांबू लागले आहे. 'बाल्डर्स गेट ३' प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला, एक्सबॉक्सवर तीन महिन्यांनी. प्रत्येक गेम महागड्या सिरीज एक्सप्रमाणेच कमी क्षमतेच्या सिरीज एसवरही चालला पाहिजे, ही मायक्रोसॉफ्टची अट त्यात आड आली. अखेर एका सुविधेपुरती सूट द्यावी लागली. जून २०२३ मध्ये प्लेस्टेशनवर आलेला 'फायनल फॅन्टसी १६' एक्सबॉक्सवर यायला जून २०२५ उजाडला. चीनमध्ये तयार झालेला 'ब्लॅक मिथ: वुकाँग' ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि जगभर गाजला, एक्सबॉक्सधारकांना तो बरोबर एका वर्षाने मिळाला. या विलंबाची कारणे प्रत्येक वेळी निराळी असतील, त्यांत करारमदारही असतील. परंतु ज्याने नुसता कन्सोल विकत घेतला आहे, त्याच्या दृष्टीने परिणाम एकच. त्याला थांबावे लागते.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. एक्सबॉक्सचे तत्कालीन प्रमुख फिल स्पेन्सर यांनी मे २०२३ मधील एका मुलाखतीत ती मोकळेपणाने मांडली होती. ज्या पिढीत लोक गेमचा डिजिटल संग्रह उभारू लागले, नेमक्या त्याच पिढीत एक्सबॉक्स मागे पडला, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. प्लेस्टेशनवर शेकडो डॉलरचे गेम घेतलेला ग्राहक तो संग्रह सोडून दुसऱ्या यंत्राकडे वळत नाही, मग तिकडचा गेम कितीही चांगला असो.

मायक्रोसॉफ्टने त्यावर काढलेला तोडगा असा की, ग्राहक येत नसेल तर आपणच त्याच्या यंत्रावर जावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये चार गेमपासून सुरुवात झाली. २०२५ मध्ये 'इंडियाना जोन्स', 'फोर्झा होरायझन ५' आणि 'गिअर्स ऑफ वॉर' प्लेस्टेशनवर गेले आणि शेवटी 'हेलो'ची घोषणा झाली. धंदा म्हणून हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. त्या तिमाहीत एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन या दोन्हींवर आपणच सर्वांत मोठे गेमविक्रेते असल्याचे मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी जुलै २०२५ मध्ये अभिमानाने सांगितले. पण कंपनीचे हित आणि कन्सोलचे हित यांची फारकत इथेच होते. घरचे गेम शेजाऱ्याकडेही मिळू लागले, तर आपल्या यंत्राचे आकर्षण बाहेरच्या निर्मात्यांच्या गेमवर अधिकच विसंबून राहते. आणि तेच गेम जर उशिरा येणार असतील, तर ग्राहकाने ते यंत्र का घ्यावे, याचे उत्तर दुबळे होत जाते.

वी यूमध्ये बाहेरचे निघून गेले आणि घरचे तेवढे राहिले. एक्सबॉक्समध्ये बाहेरचे येत-जात आहेत आणि घरचेच बाहेर निघाले आहेत. दिशा उलटी असली तरी विकले गेलेले यंत्र हाती घेऊन बसलेल्या ग्राहकाच्या मनातील प्रश्न सारखाच आहे.

ग्राहकाचे काय?

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. कन्सोल हा चार-पाचशे डॉलरचा खर्च आहे आणि त्यावरील गेमचा संग्रह कित्येकदा त्याहून महाग पडतो. निन्टेन्डोने वी यूचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये आणि ऑनलाइन खेळाची सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद केली. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय ठेवली गेली, परंतु नवे काही घेण्याचा मार्ग संपला. गेम बनविणाऱ्यांचेही हाल कमी नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने गेम विभागातील १,९०० नोकऱ्या कमी केल्या. प्लेस्टेशनवर पहिल्यांदा नेलेल्या चार गेमपैकी 'हाय-फाय रश' घडविणारा तोक्योमधील टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय तिने मे २०२४ मध्ये घेतला. पुढे तो एका कोरियन कंपनीने घेतला म्हणून तगला. इवाता यांनी नाकारलेला मार्ग इथे स्वीकारला गेला.

ॲक्टिव्हिजनची वाटचाल या साऱ्या इतिहासाचा सारांश ठरावा. १९७९ मध्ये अटारीतून फुटून निघालेली ही पहिली 'बाहेरची' कंपनी. २००९ मध्ये तिच्या प्रमुखाच्या एका मुलाखतीने सोनीसारख्या कंपनीवर दबाव आणला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून मायक्रोसॉफ्टने तिला आपल्या घरात आणले. मात्र तिचा 'कॉल ऑफ ड्यूटी' एकट्या एक्सबॉक्सपुरता ठेवणे ना नियामकांना मान्य होते, ना हिशेबात बसत होते. बाहेरच्या निर्मात्याला विकत घेता येते, पण ज्या घरांची संख्या पाहून तो गेम बनवितो ती घरे विकत घेता येत नाहीत.

एक्सबॉक्स हे नाव यापुढेही राहील. पीसीवर, हातातल्या यंत्रावर, इंटरनेटवरील सेवेच्या रूपाने ते दिसेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये आसुस कंपनीने बनविलेल्या हातातल्या पीसीवर ते झळकलेही. टीव्हीखालच्या पेटीचे भवितव्य मात्र पुढील घोषणांच्या झगमगाटात शोधून सापडणार नाही. त्यासाठी बाहेरच्या कंपन्यांचे गेम कोणत्या यंत्रावर कोणत्या तारखेला येतात, ती यादी वाचायला हवी. २०१३ मध्ये वी यूची कहाणी त्या यादीतच आधी लिहिली गेली होती. विक्रीचे आकडे मागून आले.